कपाटाला नवा लुक द्या, पण आधी लोणावळ्याच्या पावसाला विचारा!

शहरातल्या घरात नकोसं झालेलं फर्निचर शेवटी कुठे जातं? भंगारवाल्याकडे नाही हो, लोणावळ्याला! फ्लॅटमध्ये एल-शेपचा सोफा आला की आजोबांचं टेबल, आजीचं आरशाचं कपाट, वेताच्या दोन खुर्च्या आणि एक पाय हलणारा टीपॉय टेंपोत चढतात आणि थेट वीकेंडच्या बंगल्यात मुक्कामाला येतात. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि लोणावळा, कामशेत, पवना धरणाच्या आसपास अशी ‘दुसरी घरं’ वाढतच गेली. तळेगाव, वडगावात तर अनेकांनी पहिलंच घर घेतलं आणि तिथून हिंजवडीचं ऑफिस गाठायला सुरुवात केली. म्हणजे जुनं फर्निचर आहे, शनिवार-रविवार आहे आणि मोबाइलवर रोज दिसणारे ‘बिफोर-आफ्टर’चे व्हिडिओही आहेत. मग काय, आणा डबा, घ्या ब्रश!

थांबा जरा. त्या व्हिडिओंमधलं घर बहुतेक वेळा कोरड्या, थंड हवेच्या देशातलं असतं. आपलं घर भोर घाटाच्या माथ्यावर आहे.

हा चॉक पेंट म्हणजे नक्की काय?

शाळेच्या फळ्याला लावतात तो रंग वेगळा. नाव सारखं वाटतं म्हणून दुकानात बऱ्याचदा तोच हातात पडतो, तेव्हा डबा नीट वाचून घ्या. फर्निचरचा चॉक पेंट ब्रिटनमधल्या ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये तयार केला. दाट, पूर्ण मॅट, पाण्यात मिसळणारा. त्याची गंमत अशी, की जुनं पॉलिश खरवडून काढत बसावं लागत नाही, प्रायमरही सहसा लागत नाही आणि तासाभरात तो हाताला कोरडा लागतो. ऑइलपेंटचा वास नाही, चकाकी नाही. हात फिरवला तर खडूसारखाच मऊ.

आता तयार डबे ऑनलाइन मिळतात. बजेट कमी असेल तर घरीही जमतं. एक कप साधं मॅट इमल्शन घ्या. चार चमचे खडूची पावडर, म्हणजे हार्डवेअरवाल्याकडची व्हायटिंग, दोन चमचे पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा आणि इमल्शनमध्ये ढवळा. काही जण प्लास्टर ऑफ पॅरिस घालतात, पण ते डब्यातच घट्ट व्हायला लागतं, मग घाईघाईत ब्रश मारावा लागतो. सुट्टीच्या दिवशी घाई कशाला? टीपॉयला दोन हातांसाठी साधारण पाव लिटर रंग पुरतो.

आणि इथे येतो पाऊस

पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात ४,००० मिलिमीटरच्या वर! अंतर जेमतेम ६५ किलोमीटर. जुलैमध्ये ढग खिडकीतून आत येतात, चपला हिरव्या होतात, मिठाची बरणी पाझरते. आणि चॉक पेंट हा स्वभावानं सच्छिद्र रंग आहे. तो तसाच उघडा ठेवला तर पाणी पितो, डाग धरतो. म्हणून त्यावर मेण चोळायची पद्धत पडली. कोरड्या हवेत ते छानच दिसतं. पण मेणाचा थर पातळ असतो आणि तो पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. गरम चहाचा कप ठेवला की गोल डाग उमटतो. बंद घरात महिनाभर दमट हवा साचली की अशा पृष्ठभागावर बुरशी बसायला वेळ लागत नाही.

आमचं स्पष्ट मत: मावळाच्या घाटाकडच्या बाजूला मेण विसरा. त्याऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या मॅट पॉलीयुरेथेनचे, दुकानात ‘वॉटर-बेस पीयू’ म्हणतात त्याचे, दोन-तीन पातळ हात द्या. तेलावर आधारलेला पीयू पांढऱ्या रंगावर हळूहळू पिवळा पडतो, तो नको. मेणाची ती मखमली झाक थोडी कमी होईल, हे मान्य. पण पुढच्या दसऱ्याला कपाट पुसायला गेलात तर रंग फडक्यावर येणार नाही. तळेगावच्या रोज वापरातल्या घरात, जिथे पंखे-खिडक्या चालू असतात, तिथे शोभेच्या फ्रेमला किंवा आरशाच्या चौकटीला मेण चालून जाईल. डायनिंग टेबलला तिथेही नको.

काम करायचं ते नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं आणि त्या ओलसर लाकडावर मारलेला रंग आतल्या दमटपणाला बाहेर पडू देत नाही.

रंगवायचं की नाही?

खरा प्रश्न रंगाचा नाहीच, हा आहे. कारण रंग लावायला एक दुपार लागते आणि काढायला आठवडा! सागाच्या नक्षीत, खाचांमध्ये शिरलेला पांढरा रंग पुन्हा पूर्ण निघत नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून आधी फर्निचर उलटं करा. ड्रॉवर बाहेर काढून त्याची कडा बघा. कडेला पापडासारखे थर दिसले तर प्लायवूड किंवा ब्लॉकबोर्ड, वरून विनियर नाहीतर सनमायका. रेषा वरून कडेपर्यंत सलग वळत गेल्या असतील तर अख्खं लाकूड. मग कापसावर थोडं स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर समजा जुनं लाखेचं पॉलिश आहे, म्हणजेच फ्रेंच पॉलिश. हे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणूनच ते सांधता येतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून जुन्या थरावर नवा हात दिला की मेलेलं लाकूड जागं होतं. अशी सागाची किंवा शिसवाची वस्तू घरात असेल तर प्लीज, चॉक पेंटचा डबा बंद ठेवा आणि पॉलिशवाल्याला फोन करा. तोही पावसाळ्यात यायला नाही म्हणेल, कारण दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. ऐका त्याचं.

‘पण ते काळंकुट्ट दिसतं!’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. बरेचदा तो काळेपणा लाकडाचा नसतोच. वर्षानुवर्षांचा तेलकट मळ असतो. टर्पेंटाइनच्या ओल्या फडक्यानं एक फळी पुसून बघा आणि मग ठरवा.

मग चॉक पेंट लावायचा कशाला? ज्या फर्निचरकडे कुणी प्रेमानं बघत नाही त्याला! १९८०-९०च्या दशकातली सनमायक्याची कपाटं, पोपडे निघालेले विनियरचे शोकेस, तीनदा ऑइलपेंट मारलेली स्टुलं, जुन्या बाजारातून उचललेली बेवारस टेबलं. इथे हा रंग अक्षरशः जादू करतो. वेताच्या खुर्चीची मात्र फक्त चौकट रंगवा. विणलेली बैठक बसताना दबते, त्यावर रंगाला तडे जातात.

आता ब्रश घ्या

आधी लाकडाला बारीक भोकं आहेत का बघा. खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. आधी तिचं औषध, मग रंग. नाहीतर नवा रंग भेदून भोकं पुन्हा बाहेर येतील.

वस्तू ऑइलपेंटची असेल तर अजून एक गोष्ट, आणि ही गमतीची नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते. तेव्हा पाण्याचा वॉटर पेपर घ्या, पृष्ठभाग ओला ठेवून हलकेच घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घरापासून लांब ठेवा. गाळ ओल्या फडक्यानं टिपून फडकं फेकून द्या. पोपडे निघत नसतील तर न घासता नुसतं धुऊन वरूनच रंग दिलेला बरा. चॉक पेंटचा हा सगळ्यात मोठा फायदा, खरं तर.

सनमायक्यावर मात्र २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात हवाच, नाहीतर रंग नखानं सोलला जातो. सगळं साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण सुकवा. लालसर विनियरवर पांढरा रंग द्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी गुलाबी-पिवळे डाग वर येतात. पुन्हा पुन्हा रंग मारून ते झाकत नाहीत. त्यावर उपाय आपल्या मातीतलाच आहे: रंगाआधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात. लाख ते डाग आत अडवून धरते. मग चॉक पेंटचे दोन हात, मध्ये काही तासांची विश्रांती, शेवटी पीयू.

कडा घासून मुद्दाम जुनाट दाखवायची फॅशन आहे. ज्याची त्याची आवड! पण लोणावळ्यात ते कष्ट कशाला? तीन पावसाळे ते काम फुकटात करून देतात. रंग निवडताना जुलैचा उजेड डोळ्यांसमोर आणा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सुंदर वाटणारा राखाडी रंग ढगाळ दुपारी ओल्या भिंतीसारखा दिसतो. मलई, फिकट पिवळा, मोरपंखी असले रंग काळ्या दगडाच्या भिंतीपुढे खुलतात.

ड्रॉवरच्या बाजू आणि सरकायच्या पट्ट्या रंगवू नका. पावसात लाकूड फुगतं, त्यात रंगाची जाडी मिळाली की ड्रॉवर अडकलाच. तिथे पांढरी मेणबत्ती घासा. (मेणाला शेवटी काम मिळालं म्हणायचं!) जुलैमध्ये अडकलेला ड्रॉवर सुताराकडून रंधून घ्यायचा मोहही टाळा, फेब्रुवारीत त्याच ड्रॉवरला बोटभर फट पडते. कपाटाची पाठ भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि तिलाही आतून-बाहेरून लाखेचा एक हात द्या. बुरशी आधी तिथेच येते, कारण तिथे कुणी बघत नाही. आणि जूनमध्ये घर बंद करून निघताना कपाटाची दारं थोडी उघडी टाका, खालच्या ड्रॉवरमधल्या गोधड्या सोबत घेऊन या.