नर्मदेतला गोटा

मालव्यातील मराठी घरांत नर्मदेचा एखादा तरी दगड असतोच. कुठे तो बाण म्हणून देवघरात पूजेला असतो, तर कुठे लोणच्याच्या दादऱ्यावर दडपण म्हणून बसलेला असतो. इंदूरच्या आमच्या जुन्या घरीही असा एक दगड होता. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो दाराशी ठेवलेला असे. वीतभर लांब, बदामाच्या घाटाचा, एका टोकाला निमुळता. लहानपणी आम्ही त्याने अक्रोड फोडले, आणि मोठे झाल्यावर त्याला ठेचाही खाल्ल्या.

घर रिकामे करण्याची वेळ आली तेव्हा पुरातत्त्वाचे जाणकार असलेले एक स्नेही आले होते. त्यांनी तो दगड उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “ही हातकुऱ्हाड आहे. आदिमानवाने घडवलेली. कुठे मिळाली?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आजोबांनी आणली, एवढेच ठाऊक होते. आत्या म्हणाली, महेश्वरहून. काकांच्या मते होशंगाबादेहून. आजोबांना विचारायची वेळ कधीच निघून गेली होती. स्नेह्यांनी दगड हलकेच खाली ठेवला. “मग ही मुकी झाली,” ते म्हणाले. आज या विषयावर लिहावेसे वाटले, ते त्या एका वाक्यामुळे.

हातकुऱ्हाड या नावावरून दांड्याची कुऱ्हाड डोळ्यांपुढे येईल. पण हिला दांडा नसतो. ती मुठीत धरून वापरायची. कठीण दगडाचा गोटा घ्यायचा, दुसऱ्या दगडाने त्याच्या दोन्ही अंगांच्या ढलप्या उडवायच्या, आणि कडेला धार आणायची. शिकार सोलणे, हाडे फोडणे, लाकूड तासणे, कंद उकरणे अशी नाना कामे तिने होत असावीत. नदीत आपटून फुटलेल्या दगडावरचे घाव वेडेवाकडे असतात. हातकुऱ्हाडीवरचे घाव मात्र दोन्ही बाजूंनी, ओळीने, एकच आकार मनात धरून घातलेले दिसतात. आधी मनात आकार आणि मग हातात वस्तू, ही मानवी बुद्धीची फार जुनी खूण होय.

भारतात या हत्यारांचा शोध पहिल्यांदा लागला तो मद्रासजवळ पल्लावरम येथे. ३० मे १८६३ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना तेथे अश्मयुगीन हत्यार मिळाले. नंतर दहा वर्षांच्या आतच नर्मदाखोऱ्यातही भुत्रा येथील थरांत घडवलेला दगड सापडला, आणि आपली नर्मदामाई जगातील विद्वानांच्या नजरेत भरली. १९५२-५३ साली डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी महेश्वर-नावडाटोली येथे उत्खननास आले. ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या त्या प्रसिद्ध शोधाबरोबरच महेश्वरजवळच्या गोट्यांच्या थरांतून त्याहून कितीतरी प्राचीन अशी दगडी हत्यारेही हाती आली. ज्या काठावर अहिल्याबाईंनी घाट बांधले, त्याच काठावर लाखो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून दगड घडवीत होते!

या कामात आपल्या मराठी माणसांचा वाटा लहान नाही. होशंगाबादजवळच्या आदमगड टेकडीचे उत्खनन १९६०-६१ साली डॉ. रा. वि. जोशी यांच्या पुढाकाराने झाले. नीमचला १९१९ साली जन्मलेले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर तर आपल्या मालव्याचेच. आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांच्या ओढीने १९५७ साली ते भीमबेटक्याला पोहोचले. तेथील चित्रे आता जगाला ठाऊक आहेत. पण चित्रांखालच्या जमिनीतही हातकुऱ्हाडी होत्या, हे पुढच्या उत्खननांतून दिसले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरले.

आता प्रश्न असा, की दगड कुठे सापडला याला एवढे महत्त्व का? उत्तर हथनोऱ्याला मिळते. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना तेथे नर्मदाकाठच्या थरात प्राचीन मानवाच्या कवटीचा तुकडा मिळाला. त्याच थरात हातकुऱ्हाडीही होत्या. कवटी कोणाच्या काळची आणि तिचा धनी कोणती हत्यारे वापरणाऱ्यांच्या जगातला, हे त्या थराने सांगितले. तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांची ठरली, हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. तोही हत्यारे किती खोल आणि कोणत्या थरात गाडलेली होती, याची काटेकोर नोंद होती म्हणूनच काढता आला. तीच हत्यारे कोणी पिशवीत घालून नेली असती, तर ती आमच्या दाराशी पडलेल्या दगडासारखीच मुकी झाली असती.

आणखी एक धोका आहे. फ्रान्समधील बुशे द पर्थ या थोर संग्राहकाने मजुरांना बक्षिसे देऊ केली, तेव्हा १८६३ साली नकली हत्यारे आणि मुद्दाम पेरलेला जबडा त्याच्या पदरी पडला. दगडाला किंमत आली की लबाडीही येते.

आपण काय करावे? नदीकाठी असा दगड दिसला, तर तो उचलू नये. जवळ नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची खूण लिहावी आणि इंदूरच्या मध्यवर्ती संग्रहालयास अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी घडवलेली वस्तू ही पुरावस्तू ठरते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या नातवाच्या हाती कौतुकाने ठेवण्याजोगी ही भेट नव्हे.

आणि घरात असा दगड आधीच असेल तर? आजच घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. कोणी आणला, कोणत्या साली, कोणत्या घाटावरून, पाण्यात होता की दरडीत, हे विचारून शाईने लिहून ठेवावे. धरणांच्या जलाशयांखाली नर्मदेचे कितीतरी काठ गेले. काही ठिकाणची आठवण आता केवळ माणसांत उरली आहे, आणि माणसेही थांबत नाहीत.

काही शिकवले तरी डोक्यात न शिरणाऱ्याला आपण ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतो. आमच्या घरी मात्र उलटेच घडले. गोटा पुष्कळ सांगू पाहत होता. त्याला वेळेवर विचारले नाही, ते आम्ही. तो दगड आता कपाटात आहे. त्याच्याखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर आत्याचे म्हणणे आहे, काकांचे म्हणणे आहे, आणि शेवटी लिहिले आहे : नक्की ठाऊक नाही.