आफ्रिकेचे गवत, नेकनूरची दावण

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर वसलेल्या नेकनूरच्या आठवडी बाजारात बैलजोडीचा वा दुभत्या गाईचा भाव केवळ जनावराच्या देखणेपणावर ठरत नाही. पाऊस किती झाला आणि कडब्याची गंज किती उरली, यावरही तो ठरतो. चारा संपला की दावणीची जनावरे बाजाराची वाट धरतात. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, अशी अवस्था होते. २०१९च्या उन्हाळ्यात तर बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. या जुन्या प्रश्नावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे संकरित नेपियर, अर्थात गजराज गवत. या गवताची कुळकथा मात्र दूर आफ्रिकेत सुरू होते.

वसाहतीतील प्रयोग

ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे, ही विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनीच्या अमलाखालील नवी वसाहत होती. १८९६च्या बुळकांडी रोगाने तेथील गोधन जवळजवळ संपवले होते. नव्याने पशुपालन उभे करायचे, तर कोरड्या हंगामातही तग धरेल असा चारा हवा होता. बुलावायोच्या कर्नल नेपियर यांनी स्थानिक रानात वाढणाऱ्या एका उंच गवताकडे कृषी खात्याचे लक्ष वेधले आणि १९१०च्या सुमारास त्याच्या लागवडीच्या चाचण्या झाल्या. दीड-दोन पुरुष उंच वाढणाऱ्या या गवताला पुढे नेपियर यांचेच नाव मिळाले. आफ्रिकेतील जनतेला आणि हत्तींना ते पूर्वापार ठाऊक होते, हे वेगळे सांगायला नको. १९१२च्या सुमारास ते भारतात आले.

बाजरीशी सोयरीक

नेपियर भरपूर वाढते, पण त्याची ताटे लवकर निबर होतात आणि पानांना कूस असते. बाजरी हे त्याचेच जवळचे भावंड. तीही मूळची आफ्रिकेची, मात्र काही हजार वर्षांपूर्वीच भारतात येऊन येथली झालेली. १९५०च्या दशकात कोइमतूर आणि दिल्ली येथील शास्त्रज्ञांनी या दोघांचा संकर साधला. बाजरीकडून रसाळपणा व पानांचा मऊपणा आला, नेपियरकडून पुन:पुन्हा फुटण्याची ताकद. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे 'यशवंत' आणि 'फुले जयवंत' हे वाण दिले.

या संकराला सकस बी धरत नाही. नेपियरमध्ये गुणसूत्रे २८, बाजरीत १४ आणि संकरात २१; त्यांच्या जोड्या जुळत नाहीत. म्हणून लागवड दोन-तीन डोळ्यांच्या कांड्यांनी किंवा ठोंबांनीच करावी लागते. शेजाऱ्याकडून ठोंब आणले की काम भागते, आणि बी उधळून तण माजण्याची धास्तीही राहत नाही.

लागवडीनंतर सुमारे अडीच महिन्यांनी पहिली कापणी आणि त्यानंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी पुढच्या कापण्या मिळतात. एकदा लावलेले पीक तीन-चार वर्षे टिकते. पाणी व खत नीट असल्यास वर्षाला हेक्टरी १५० टन हिरवा चारा मिळू शकतो. या हिशेबाने एका गुंठ्यातून वर्षाला दीड टन, म्हणजे दिवसाकाठी सुमारे चार किलो चारा निघतो. एका गाईला रोज २० किलो हिरवा चारा द्यायचा, तर पाच गुंठे पुरतात.

मर्यादा

मात्र यात 'पाणी' हीच मेख आहे. दुष्काळात विहीर आटली की गजराजही सुकतो. त्यामुळे तो कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडबा साठवता येतो, हिरवे गवत तसेच ठेवता येत नाही. दुसरे, या गवतात ऑक्झॅलेट असते. ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून केवळ गजराजवर जनावर न पोसता लसूणघास किंवा चवळीसारखा द्विदल चारा आणि कडबा यांची जोड द्यावी लागते.

त्यामुळे चार-पाच गुंठ्यांत, विहिरीजवळ, शक्य तर ठिबकवर लागवड करावी. पावसाळ्यातील जादा चाऱ्याची कुट्टी करून मुरघास भरून ठेवावा, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. शहरातल्या दुधाच्या पिशवीचा दर ज्या खर्चांवर ठरतो, त्यांत चारा हा सर्वांत मोठा. पाऊसकाळातच ही तजवीज झाली, तर उन्हाळ्यात दुभती गाय मिळेल त्या भावाला विकण्याची वेळ टळू शकते.