नर्सिंग होमची पारख: व्यापाऱ्याच्या नजरेने

कापडाचे ठाण घेताना आपला दुकानदार ते उलगडतो, उजेडात धरतो, पोत बोटांनी चाचपतो. बल्लारपूरच्या डेपोत सागाच्या लिलावाला जाणारा आरामशीनवाला ओंडक्याची दोन्ही तोंडे पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. हाच माणूस घरात आजारपण आले की रिक्षावाला नेईल त्या दवाखान्यात शिरतो, फरशी चकचकीत दिसली की समाधान मानतो आणि मागितलेली अनामत रक्कम निमूटपणे मोजून देतो. एका बाळंतपणात किंवा एका अपघातात छोट्या धंद्याचे भांडवल निघून जाते, हे आपल्या समाजात नवीन नाही. शिंपी, सुतार, गॅरेजवाला, फळविक्रेता यांना आजारपणाची पगारी रजा नसते. दुकान बंद म्हणजे कमाई बंद. म्हणून या वेळी आम्ही हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे पाच-पंचवीस खाटांचे खाजगी इस्पितळ. चंद्रपूर-गडचिरोली भागात त्याची निवड करणे इतर जिल्ह्यांपेक्षा अवघड आहे. सिरोंच्याचा रुग्ण अनेकदा गोदावरी ओलांडून तेलंगणात जातो, वडसा-आरमोरीचा ब्रह्मपुरी गाठतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा माणूस कोठेच जाऊ शकत नाही. अंतर इतके असल्यामुळे चुकीच्या दारात गेलेले दोन तास पुन्हा मिळत नाहीत. चौकशी करायची ती घरात सर्वजण धडधाकट असताना.

दवाखान्याची तपासणी करणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, असे पुष्कळांना वाटते. इस्लामी इतिहास वेगळे सांगतो. बाजारातील वजनमापे तपासणारा मुहतसिब वैद्यांवरही देखरेख ठेवीत असे. बाराव्या शतकातील अल्-शैजरी यांच्या हिस्बाविषयक ग्रंथात वैद्य, नेत्रवैद्य, हाडे बसवणारे, रक्त काढणारे या सर्वांसाठी नियम आहेत. वैद्याने रुग्णाची तक्रार आणि दिलेले औषध लिहून त्याची प्रत घरच्यांना द्यावी, आणि रुग्ण दगावल्यास घरच्यांनी ते कागद मुख्य वैद्यापुढे ठेवावेत, असे त्यात सांगितले आहे. चूक आढळली तर वैद्याकडून भरपाई घेण्याची तरतूद होती. म्हणजे कागद मागण्याचा हक्क आपल्यासाठी नवा नाही.

आधुनिक काळात या विषयाची मांडणी बैरूतमध्ये जन्मलेले आर्मेनियन डॉक्टर अवेदिस दोनाबेदियान यांनी अमेरिकेत १९६६ साली केली. दवाखान्यात काय आहे, तेथे काय केले जाते आणि शेवटी रुग्णाचे काय होते, या तीन बाजूंनी सेवेचा दर्जा जोखावा, असे त्यांनी सांगितले. सामान्य माणूस पहिली बाजू पाहतो आणि तीही इमारतीपुरतीच.

पहिल्या बाजूत खरे पाहण्यासारखे भिंतीवर लागलेले असते. महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली प्रत्येक नर्सिंग होमची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावावे लागते. त्यावरील मुदत वाचावी, संपलेली असेल तर विचारावे. २०२१ साली या नियमांत सुधारणा झाली. तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक लावलेच नाही किंवा कॅलेंडरच्या मागे झाकले आहे, एवढ्यावरूनही मालकाचा स्वभाव कळतो. भाव न लिहिणाऱ्या दुकानात आपण किती विश्वासाने जातो?

त्याच वर्षी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. ते सरकारी रुग्णालय होते, पण धडा सर्वांना आहे. आपल्या शहरांतील अनेक नर्सिंग होम दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एकाच अरुंद जिन्याची आहेत. दुसरी वाट आहे का, ती कुलूप लावून किंवा खोकी रचून बंद केलेली आहे का, आग विझवण्याच्या नळकांड्यावरील तारीख कोणती, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नर्सिंग होमची पारख करायची असेल तर तेथे रात्री जावे. दिवसा मोठे डॉक्टर असतात, गर्दी असते, सर्व काही हलते दिसते. रात्री दोन वाजता इमारतीत कोण असते? डॉक्टर तेथेच झोपतात की फोन केल्यावर घरून येतात, आणि यायला किती वेळ लागतो? सलाईन लावणारी मुलगी शिकलेली आहे का? जीएनएम हा परिचर्येचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो पूर्ण करणाऱ्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. गणवेश कोणालाही शिवून मिळतो, हे आपल्या शिंपीबांधवांना सांगायला नको. ओळखीच्या कोणाला भेटण्याच्या निमित्ताने एखादी रात्र बाकावर काढली, तर घंटा वाजवल्यावर किती वेळाने कोणी येते, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले जातात का, सुई नव्या पाकिटातून निघते का, हे आपोआप कळते. आमच्या मते भिंतीवरच्या सगळ्या कागदांपेक्षा ही एक रात्र जास्त सांगते.

रक्ताचीही चौकशी करावी. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर रक्त कोठून येणार आणि किती वेळात? या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. घरात तो आजार असेल तर भूल देण्यापूर्वी आणि बाळंतपणापूर्वी आपणहून सांगावा आणि त्यावर डॉक्टर पुढे काय विचारतात हे ऐकावे. सर्पदंशाच्या बाबतीत वेळ घालवू नये. सर्पविषावरील इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. खाजगी दारे शोधण्याऐवजी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट तेथे जाणे बरे.

स्त्रियांच्या बाबतीत आपल्या घरांनी जास्त काळजी घेतली पाहिजे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. संकोचापायी आजार अंगावर काढण्याची सवय आपल्या घरांतही आहे. त्यामुळे स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, तपासणीच्या जागी पडदा आहे का, हे घरातील पुरुषाने आधीच विचारून ठेवावे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर एक स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्कच आहे.

याच बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना उभारण्यापूर्वी आदिवासींना विचारले, तुम्ही इस्पितळात का जात नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना आत राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. म्हणून शोधग्राम येथील माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि नातलगांची सोय तेथेच झाली. सेवा चांगली की वाईट हे ठरवताना रुग्णाला काय वाटते तेही धरावे लागते, हे यातून दिसते. पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला, आणि नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. मोजले म्हणून सुधारणा दिसली. तेव्हा नर्सिंग होमच्या डॉक्टरांना आदराने विचारावे: गेल्या वर्षी किती बाळंतपणे झाली, त्यांत सिझेरियन किती, किती जणांना पुढे पाठवावे लागले? ज्याच्या वहीत हिशेब आहे तो सांगेल. ज्याला राग येतो त्याच्याकडे वही नसावी.

पुढे पाठवण्याचा आकडा मोठा असला म्हणून नाक मुरडू नये. 'हे आमच्या आवाक्यातले नाही, आत्ताच चंद्रपूरला किंवा नागपूरला न्या,' असे वेळेवर सांगणारा छोटा दवाखाना आम्ही चांगला मानतो. मात्र कोठे पाठवले आणि का, ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली घेणे-देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. वाहनचालक एकाच दवाखान्याचा आग्रह धरू लागला तर आपणही सौद्यात अडत्या ओळखतोच.

बिलाविषयी थोडक्यात. 'पॅकेज' म्हटले की त्यात काय नाही ते विचारावे: भूलतज्ज्ञ, रक्त, औषधे, जादा दिवस. औषधे आतल्याच दुकानातून घेण्याची सक्ती मानू नये. केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजे, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. बिल थकले म्हणून मय्यत अडवून ठेवता येत नाही. दफनाची घाई असणाऱ्या आपल्या घरांनी हे पक्के लक्षात ठेवावे आणि सनदेवर बोट ठेवून शांतपणे सांगावे. मारहाण, तोडफोड करू नये. तो गुन्हा आहे आणि त्याने दाव्याचेही नुकसान होते. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. पावत्या आणि कागद जपले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

शेवटी पैशाची सोय. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या शासन निर्णयानंतर पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे तिच्यात आली आणि ठरलेल्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सोय फक्त योजनेतील रुग्णालयांतच मिळते, म्हणून आपण निवडलेले नर्सिंग होम यादीत आहे का आणि तेथे आरोग्यमित्र बसतो का, हे आधी पाहावे. शिधापत्रिकेवरील आणि आधार कार्डावरील नाव जुळत नसेल, एकीकडे शेख आणि दुसरीकडे शेखच नाही असा प्रकार असेल, तर दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.