तेजस: वजनाशी झुंजलेले विमान

तेजस हे ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे, एका इंजिनाचे, भारतीय आराखड्याचे हलके लढाऊ विमान आहे. त्याची लांबी १३.२ मीटर, पंखांचा विस्तार ८.२ मीटर आणि रिकामे वजन सुमारे साडेसहा टन आहे. इंधन व शस्त्रे धरून ते साडेतेरा टनांपर्यंत वजन घेऊन उडते. ज्या मिग-२१ ची जागा घेण्यासाठी ते आखले गेले, त्याच्यापेक्षाही ते आखूड आहे.

याआधी भारतात आखले गेलेले लढाऊ विमान म्हणजे एचएफ-२४ मारुत. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार झालेले मारुत १९६१ मध्ये उडाले. त्याचा घाट उत्तम होता, पण त्याला साजेसे इंजिन कधीच मिळाले नाही आणि ते जेमतेम ध्वनीच्या वेगापर्यंतच पोहोचले. त्यानंतर कारखान्यात परदेशी आराखड्यांवरून विमाने बनत राहिली, मात्र ध्वनीपेक्षा वेगवान विमान स्वतः आखण्याचा सराव तुटला. १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यासाठी बंगळूरला एअरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली, तेव्हा बरेचसे काम मुळापासून शिकावे लागणार होते. प्रकल्पाची रूपरेषा १९८७-८८ मध्ये फ्रान्सच्या दासो कंपनीच्या सल्ल्याने ठरली. पुढे कोटा हरिनारायण यांनी संचालक म्हणून या कामाची धुरा सांभाळली.

हलके विमान आखणे हे मोठे विमान आखण्यापेक्षा सोपे वाटते, पण ते तसे नाही. एखाद्या भागाचे वजन वाढले की ते उचलायला मोठा पंख लागतो, पंख मोठा झाला की अधिक जोराचे इंजिन लागते आणि इंजिनाला अधिक इंधन लागते. ही साखळी जिथल्या तिथे तोडावी लागते. तेजसच्या जवळजवळ प्रत्येक वैशिष्ट्यामागे हेच कारण सापडते.

तेजसला आडवी शेपटी नाही. मोठा त्रिकोणी, म्हणजे डेल्टा पंख आणि उभा शेपूटपंख एवढ्यावरच ते उडते. त्यामुळे वजन आणि हवेची ओढ दोन्ही वाचतात. जुन्या डेल्टा विमानांत मात्र एक अडचण होती. विमान स्थिर राहावे म्हणून त्याचा गुरुत्वमध्य उत्थापक बलाच्या केंद्रापुढे ठेवत. त्यामुळे नाक खाली झुकू पाहते. ते वर ठेवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा वर वळवाव्या लागत, आणि त्या वर वळल्या की पंखाचेच उत्थापक बल घटे. मिराज-३ सारख्या विमानांना त्यामुळे फार वेगात उतरावे लागे आणि तीव्र वळणात त्यांचा वेग पटकन ओसरे.

तेजसच्या आखणीत गुरुत्वमध्य मागे सरकवला आहे. मग त्याच झडपा खाली वळतात आणि उत्थापक बलात भर घालतात, म्हणून लहान पंख पुरतो. ध्वनीचा वेग ओलांडताना उत्थापक बलाचे केंद्र आपोआप मागे जाते. स्थिर विमान अशा वेळी नको तितके नाकजड होते, तर तेजस स्थिरतेच्या जवळ येते. एकाच निर्णयातून हे दोन्ही लाभ मिळतात, आणि संपूर्ण आराखड्यातला सर्वांत धाडसी निर्णय हाच म्हणावा लागेल.

त्याची किंमतही मोठी होती. ध्वनीच्या वेगाखाली असे विमान अस्थिर असते. वाऱ्याच्या झोताने नाक थोडे उचलले गेले, तर ते आणखी उचलले जाते. माणसाचा हात ते सावरू शकत नाही. वैमानिकाने दांडी हलवली की ती केवळ त्याचा हेतू सांगते. झडप किती आणि केव्हा वळवायची हे संगणक ठरवतो, आणि वैमानिकाने काहीच केले नाही तरी तो सतत दुरुस्त्या करत राहतो. ही यंत्रणा चौपदरी आहे. चार वाहिन्या स्वतंत्रपणे हिशेब करतात, एकमेकींशी ताडून पाहतात आणि वेगळे उत्तर देणारी वाहिनी बाजूला पडते.

या संगणकाचे नियम लिहिणे हे प्रकल्पातले सर्वांत अवघड काम होते. ते नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजच्या नेतृत्वाखालील गटाकडे आले. अमेरिकी कंपनीचे सहकार्य घेतले होते आणि अमेरिकेतल्या एका खास एफ-१६ विमानावर नियमांच्या चाचण्याही झाल्या होत्या. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले आणि तिथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. उरलेले काम बंगळूरमध्ये पुरे झाले. वेळ गेला, पण ही विद्या देशाची स्वतःची झाली.

वजन वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कार्बन तंतूंचे संमिश्र पदार्थ. तेजसच्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग आणि बाह्य पृष्ठाचा बहुतेक भाग त्यांचा आहे. अनेक भाग एकत्रच भट्टीत पक्के करून जोडण्याची पद्धत विकसित झाल्याने हजारो खिळे व स्क्रू वाचले.

इंजिनाच्या बाबतीत मात्र यश आले नाही. बंगळूरच्याच गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचे कावेरी इंजिन तेजसला बसवायचे होते. जेट इंजिनात टर्बाइनची पाती त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त वायूत फिरतात. तशी पाती ओतण्याची आणि आतून थंड ठेवण्याची कला मोजक्याच देशांकडे आहे आणि ती कोणी विकत नाही. कावेरीचे वजन वाढले, रेटा कमी पडला आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. तेजस आजही अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर उडते.

पहिले प्रायोगिक विमान ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बंगळूरला उडवले. २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘तेजस’ हे नाव दिले आणि त्याच वर्षी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. पुढची वाटचाल संथ होती. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात पहिल्या आवृत्तीतल्या ५३ उणिवा नोंदल्या गेल्या. १ जुलै २०१६ रोजी हवाई दलाची ४५ वी स्क्वाड्रन दोन तेजस विमानांसह सुरू झाली. अंतिम परिचालन मंजुरी २०१९ मध्ये मिळाली, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीनंतर ३६ वर्षांनी.

नौदलाच्या आवृत्तीत वजनाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. जहाजावर उतरताना बसणारा धक्का सोसायला भक्कम चाके आणि सांगाडा लागतो. विमान जड झाले आणि २०१६ मध्ये नौदलाने ते सेवेत घेण्यास नकार दिला. तरीही प्रयोग थांबले नाहीत. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर युद्धनौकेसारखी चढती धावपट्टी आणि उतरणाऱ्या विमानाला रोखणारी अडकतार उभारलेली आहे. तिथे वर्षानुवर्षे सराव झाल्यावर ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवले. या विमानाने नौदलाची गरज भागवली नाही, पण नौकेवर उतरणारे विमान कसे आखावे याचे ज्ञान दिले.

सुधारित आवृत्ती, तेजस मार्क-१ए, अधिक सक्षम रडार आणि इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री घेऊन आली. २०२१ मध्ये अशा ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी नोंदवली गेली. एफ-४०४ इंजिने उशिरा आल्याने पुरवठा रखडला. पहिल्या उड्डाणापासून तेवीस वर्षे एकही तेजस कोसळले नव्हते. मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ पहिले विमान पडले, त्यातला वैमानिक वाचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात दुसरे कोसळले, त्यात वैमानिकाने प्राण गमावले.

बंगळूरच्या दोन उत्पादन साखळ्यांच्या जोडीला तिसरी नाशिकजवळच्या ओझर येथे उभी राहिली. हा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठीच स्थापन झाला होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तिथल्याच धावपट्टीवरून उड्डाण केले.