क्रॉसिंगच्या बायका

जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी लोखंड आठवते. एमआयडीसीतल्या भट्ट्या, भंगाराचे ट्रक, सळ्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या भिंती. त्या उद्योगाचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. वीज कंपनीपासून आयकर खात्यापर्यंत. जिल्ह्यातला दुसरा मोठा उद्योग मात्र शिवारात पसरलेला आहे आणि त्याच्या कामगारांची हजेरी प्लॉटवाल्याच्या वहीपलीकडे कुठे लागत नाही. तो उद्योग बियाण्यांचा. त्यातल्या कंपन्यांचा इतिहास लिहिला गेला, कामाचा राहून गेला.

कंपन्यांचा इतिहास बद्रीनारायण बारवाले यांच्यापासून सुरू होतो. जन्म हिंगोलीचा, दत्तक आले जालन्यात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ ही भेंडी त्यांनी जालन्यात वाढवली आणि तिचे बी विकायला काढले. ऐन पावसाळ्यात भेंडीवर केवडा रोग पडतो, त्याला हा वाण त्या काळी दाद देत नसे. त्यामुळे बियाणे खपले. १९६४ साली त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे ‘महिको’, काढली. त्याच वर्षी ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला होता. पुढच्या वर्षी बाजरीचा एचबी-१ आला. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. बेजो शीतलसारख्या दुसऱ्या कंपन्याही याच गावात उभ्या राहिल्या.

ज्वारी-बाजरीच्या प्लॉटमध्ये, म्हणजे कंपनीच्या बियाण्यासाठी लावलेल्या वावरात, हाताने फूल धरावे लागत नाही. मादी वाणाचे परागच वांझ असतात. नर-मादीच्या ओळी शेजारी लावल्या की उरलेले काम वारा करतो. माणसाने करायचे ते भेसळ काढण्याचे. पण वारा बांध ओळखत नाही. शेजाऱ्याची ज्वारी दोन-तीनशे मीटरच्या आत फुलली की बियाणे बिघडले. म्हणून प्लॉट घेणे हा एकट्याच्या मर्जीचा व्यवहार कधीच नव्हता. शेजाऱ्याशी बोलून ठेवावे लागे आणि ज्याच्याशी बोलणे बंद, त्याच्याशी आधी. भावकीतली किती भांडणे या अंतराने मिटवली आणि किती पेटवली, याचा अभ्यास समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने खरोखर करावा.

कापसाने सगळे बदलले. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला आणि भारतात कापसाचे संकरित बी हाताने तयार होऊ लागले. काम असे: उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हुडकायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एका झटक्यात सोलायची. आतल्या बीजांडकोशाला नख लागले तर बोंड गेले. एखादा पुंकेसर राहिला तर भेसळ. सोललेली कळी झाकायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नरफूल आणून तिच्यावर हलके फिरवायचे. एका नरफुलावर चार-पाच कळ्या होतात. ऊन चढण्याआधी वावर संपले पाहिजे, आणि दुपारी पुन्हा उद्याच्या कळ्या. हंगामात हे दोन महिने तरी चालते. फूल मजुराच्या सुटीसाठी थांबत नाही.

याला गावात ‘क्रॉसिंग’ म्हणतात. ते करतात मुख्यतः बाया आणि पोरी. देशात कपाशीचे बियाणे पुढे मुख्यतः गुजरात, आंध्र-तेलंगणात होऊ लागले. तिथल्या प्लॉटांवर राबणाऱ्या मुलांचा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत जगभर गाजला. लहान बोटे नाजूक कामाला बरी, हा युक्तिवाद तिथे सर्रास ऐकू येई. तो खोटा आहे. लहान बोटे स्वस्त असतात, एवढेच.

जालना आणि शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगावराजा पट्ट्यात आता शेडनेट दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची; सगळी बियाण्यासाठी. फलोत्पादन अभियानाच्या आणि २०१८ पासून राज्य सरकारच्या ‘पोकरा’ या कृषी प्रकल्पाच्या अनुदानाने त्यांना हात दिला. टोमॅटोची कळी नखाने नाही, चिमट्याने उघडतात. क्रॉस झालेल्या फुलाची खूण म्हणून त्याची हिरवी निदले कापतात. पुढे फळ पिकले तरी खूण दिसते. बिनखुणेचे फळ बियाण्यात जात नाही.

प्लॉटचा करार असा: मायबापाचे बी कंपनीचे, जमीन आणि जोखीम शेतकऱ्याची, मधे दोघांना जोडणारा ऑर्गनायझर. माल गेल्यावर उगवण तपासली जाते, मग शुद्धता. शुद्धतेसाठी नमुना पेरून रोपे वाढवून पाहतात; त्याला गावात ‘जीओटी’ म्हणतात. निकाल यायला महिने जातात, पैसे तोवर अडकलेले. ‘प्लॉट फेल’ हे दोन शब्द दुष्काळाइतकेच भीतीने उच्चारले जातात. राहून गेलेला एक पुंकेसर शेतकऱ्याला पुरता भोवतो, म्हणून सराईत हाताच्या बाईला हंगामात मागणी असते. तरीही तिच्या कामाला अंगमेहनतीची रोजंदारीच समजतात, कारागिरी कोणी म्हणत नाही.

१९६६ च्या बियाणे कायद्याने पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धतेचे आकडे छापणे आणले. ती शुद्धता ज्या हातांची, त्यांची मजुरी कंपनी आणि शेतकरी यांच्या करारात नसते. ती शेतकऱ्याच्या खर्चात बुडालेली असते. कंपन्यांनी क्रॉसिंगचा दर करारातच वेगळा लिहावा आणि कामगार खात्याने हे काम कुशल कामात धरावे. पुढच्या हंगामाचे करार होतील तेव्हा प्लॉट घेणाऱ्यांनी ही मागणी पहिल्या बैठकीतच मांडावी.