पावशा एकच, शब्द किती?

रोहिणी नक्षत्र सरत आलं, उकाड्याने जीव नकोसा झाला, की गोंदियाच्या धानपट्ट्यात मोहाच्या झाडावरून पावशा ओरडू लागतो. मराठी शेतकऱ्याला तो बजावतो, ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ शेतकरी पऱ्ह्यांसाठी बियाणं काढतो. त्याच गल्लीतल्या हिंदी बोलणाऱ्या घरात हा पक्षी पपीहा होतो आणि ‘पी कहाँ’ विचारतो. बंगाली माणसाला ऐकू येतं ‘चोख गेलो’, म्हणजे डोळे गेले! गोऱ्या साहेबाला त्यात ‘ब्रेन फीवर’ सापडला आणि पक्ष्याचं इंग्रजी नावही तेच पडलं. एकाच आवाजाचे इतके शब्द होतात कसे?

चाल पक्ष्याची, अक्षरं आपली
पावशाची हाक तीन ठोक्यांची. दर वेळी ती चढत जाते आणि टिपेला पोचून एकदम थांबते. पक्ष्याला ना ओठ, ना दात. ‘प’, ‘त’, ‘क’ त्याच्या शिळेत कुठून येणार? ठेका आणि चढ त्याचा, व्यंजनं आपण भरतो. आणि भरतो ती आपल्याच भाषेतली.

तित्तिराची साक्ष
उत्तर भारतातली एक जुनी गोष्ट. तित्तिर ओरडला. मौलवींना ऐकू आलं ‘सुभान तेरी कुदरत’, पंडितजींना ‘राम लक्ष्मण दशरथ’, भाजीवाल्याला ‘लहसुन प्याज अदरक’. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात.

यॅनी की लॉरेल?
मे 2018 मध्ये एका ध्वनिफितीवरून जगभर घराघरांत वाद झाले. कुणी म्हणे ‘यॅनी’, कुणी म्हणे ‘लॉरेल’. मूळ शब्द होता लॉरेल. एका शब्दकोशाच्या संकेतस्थळासाठी 2007 साली एका ऑपेरा गायकाने तो उच्चारला होता. आवाजातल्या खालच्या पट्टीवर ज्यांचा कान बसला त्यांना लॉरेल ऐकू आलं, वरच्या पट्टीवर बसला त्यांना यॅनी. वय वाढतं तशी वरच्या पट्टीची श्रवणशक्ती आधी कमी होते, म्हणून आजोबांचं आणि नातवाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. स्पीकर बदलला तरी उत्तर बदलतं.

‘ताक टाक’
हे दोन शब्द आपल्याला लख्ख वेगळे ऐकू येतात. इंग्रजी कानाला मात्र ‘त’ आणि ‘ट’ जवळजवळ सारखेच. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली दाखवून दिलं, की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘त’-‘ट’ फरक ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांची ती ओळख पुसट झालेली असते. घरात जे बोललं जातं, त्यावर कान घडतो.

भोंग्याने गिळलेलं अक्षर
गोंदिया जंक्शनवर घोषणा चालू असते, मध्येच इंजिनाचा भोंगा वाजतो. तरीही ‘हावडा’ पूर्ण ऐकल्यासारखं वाटतं. रिचर्ड वॉरन यांनी 1970 साली हेच तपासलं. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातलं अक्षर कापून तिथे खोकला घातला. जवळजवळ सगळ्यांना शब्द अखंडच ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला, हेही त्यांना सांगता येईना.

डोळेही ऐकतात
आवाज ‘ब’चा, पडद्यावर ओठ ‘ग’चे. बघणाऱ्या अनेकांना ऐकू येतं ‘द’! हॅरी मगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी 1976 साली हे जगापुढे मांडलं. डोळे मिटा, पुन्हा ‘ब’ हजर. फोनवर ‘सोड’ आणि ‘फोड’ यांत गोंधळ होतो, त्याचंही एक कारण हेच: ओठ दिसत नाहीत. शिवाय साध्या फोनमध्ये वरच्या पट्टीचे सूर गाळले जातात आणि ‘स’चा सणसणीतपणा त्याच सुरांत असतो.

एकदा सांगितलं की…
रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी 1981 साली एक वाक्य नुसत्या तीन शिट्ट्यांत उतरवलं. अनेकांना ती विचित्र शीळ वाटली. हे बोलणं आहे असं सांगितल्यावर मात्र त्याच शिट्ट्यांतून शब्द ऐकू येऊ लागले. आपलंही तसंच झालं. लहानपणी कुणीतरी बोट दाखवून म्हणालं, ‘ऐक, पेरते व्हा म्हणतोय,’ आणि त्यानंतर पावशा आपल्याशी दुसरं काही बोललाच नाही.

गोंदियात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी शेजारी शेजारी नांदतात. यंदा पावशा ओरडला की शेजारच्या आजीला विचारा, ‘तो काय म्हणतोय?’ आपलं उत्तर आधी सांगू नका. तिचं उत्तर वहीत लिहून ठेवा, कारण तिला हा पक्षी ऐकायला कुणी आणि कोणत्या भाषेत शिकवलं, ते त्या दोन शब्दांत जपलेलं असेल.