जोन डिडियनचं झाकोळलेलं दशक

अमेरिकी लेखिका जोन डिडियन २३ डिसेंबर २०२१ला मॅनहॅटनमध्ये वारली. त्यानंतर तिच्या नावाने जे चाललंय ते पाहून माझ्यासारखीचा जीव तुटतो. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. गॉगल २७ हजार डॉलरला गेला, कोऱ्या वह्या ११ हजारांना. मग एप्रिल २०२५मध्ये ‘नोट्स टू जॉन’ आलं. १९९९च्या अखेरीपासून ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होती. तिथलं बोलणं, मुख्यतः मुलीच्या काळजीचं, ती नवऱ्यासाठी लिहून ठेवायची. ते कागद ती गेल्यावर तिच्या टेबलाजवळ सापडले आणि छापले गेले. एकेक स्वल्पविराम पारखून घेणारी ही लेखिका. हेमिंग्वेचं अपुरं हस्तलिखित त्याच्या माघारी प्रसिद्ध होणार हे कळल्यावर १९९८मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लेख लिहून तिने त्यावर कडक आक्षेप घेतला होता. तिचं मत यापेक्षा स्पष्ट कसं असायला हवं होतं?

तिची सुरुवातीची वर्षं सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे मी ती भराभर ओलांडते. सॅक्रमेंटोत जन्म, बर्कलीतून पदवी, ‘व्होग’मधली नोकरी, १९६३ची पहिली कादंबरी ‘रन रिव्हर’, १९६४मध्ये जॉन ग्रेगरी डनशी लग्न. १९६८च्या ‘स्लाउचिंग टोवर्ड्स बेथलहेम’ने तिचं नाव झालं, १९७९च्या ‘द व्हाइट अल्बम’ने ते पक्कं झालं. डनसोबत लिहिलेल्या पटकथांवर घर चालायचं. त्यांतली १९७१ची ‘द पॅनिक इन नीडल पार्क’ मला आवडते. १९७६च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये मात्र ती कुठे शोधूनही सापडत नाही. तिची मोटारीला टेकून सिगारेट ओढतानाची छायाचित्रं याच काळातली. आजच्या तिच्या चाहत्यांना ती तेवढी पुरतात.

माझी डिडियन ऐंशीच्या दशकातली. तेव्हा मी मुंबईत एका दैनिकाच्या न्यूज डेस्कवर होते. टेलिप्रिंटरचा कागद फाडायचा, भाषांतर करायचं, दिलेल्या जागेत बातमी बसवायची. यादवी युद्धातल्या एल साल्व्हादोरहून रोज प्रेतं यायची आणि रोज ती ‘अज्ञात बंदूकधाऱ्यांनी’ मारलेली असायची. कर्त्याचं नाव नाही, कारण नाही. विचारायला गेलं की वरिष्ठ म्हणायचे, आलंय तसं सोडा. अशातच फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला डिडियनच्या ‘साल्व्हादोर’ची जुनी प्रत मिळाली.

जून १९८२मध्ये ती डनसोबत दोन आठवडे तिथे गेली होती. पुस्तक १९८३चं. दोन आठवड्यांत काय कळणार, असं टीकाकार म्हणाले, आणि तो आक्षेप आजही उगाळला जातो. त्यांनी त्यातला सुपरमार्केटचा प्रसंग नीट वाचावा. राजधानीतल्या मोठ्या मॉलमध्ये ती पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घ्यायला जाते. दाराशी हत्यारांची झडती. आत परदेशी खाद्यपदार्थ, महागडी दारू, मोलकरणींना मागे घेऊन हिंडणाऱ्या भारी जीन्समधल्या तरुण बायका. असे विरोधाभास टिपण्यात तर तिची हयात गेली होती. इथे मात्र टिपता टिपता तिच्या लक्षात येतं की असल्या तपशिलांनी या देशातलं काहीही उजळणार नाही. स्वतःचं ठेवणीतलं हत्यार भर पानात खाली ठेवणारा दुसरा लेखक मी पाहिलेला नाही. मग उरतात प्रेतं टाकायच्या जागा, एल प्लायोन आणि प्वेर्ता देल दियाब्लो, आणि दर आठवड्याला मेलेल्यांचा आकडा वॉशिंग्टनला कळवणारी अमेरिकी वकिलात. मानवी हक्कांची स्थिती सुधारत असल्याचे दाखले रेगन सरकार त्याच काळात अमेरिकी काँग्रेसला देत होतं, म्हणजे लष्करी मदत सुरू राहावी.

पुढची दहा वर्षं ती याच वाटेने गेली. १९८४ची ‘डेमोक्रसी’ सायगाव पडतानाची कादंबरी आहे आणि माझ्या मते तिची सर्वांत चांगली. १९८७चं ‘मायामी’ क्यूबन निर्वासितांना वॉशिंग्टनने कसं वापरलं आणि सोडून दिलं ते सांगतं. १९८८च्या निवडणुकीत ती प्रचाराच्या विमानांतून फिरली. अध्यक्षपदाचा उमेदवार डुकाकिस विमानतळाच्या धावपट्टीवर एका सहकाऱ्याशी चेंडू झेलाझेली करतो. ते कॅमेऱ्यासाठीच चाललंय हे तिथल्या प्रत्येक पत्रकाराला ठाऊक असतं, तरी बातमीत तो उमेदवाराच्या दिलखुलास स्वभावाचा क्षण होतो. नाटकाला नाटक म्हणणारा तिथे अडाणी ठरतो. आपल्याकडच्या प्रचाराच्या बातम्या पाहताना मला तो चेंडू हटकून आठवतो.

आणि जानेवारी १९९१चा ‘सेंटिमेंटल जर्नीज’ हा लेख. सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या तरुणीवरच्या बलात्काराच्या खटल्यात पाच काळ्या आणि लॅटिनो मुलांना शिक्षा झाली होती, अख्खं न्यूयॉर्क सूड मागत होतं. डिडियनने विचारलं, त्या वर्षी शहरात बलात्काराच्या तीन हजारांहून अधिक तक्रारी असताना याच एका गुन्ह्याची गोष्ट का झाली? पीडितेचं नाव जपणारी वर्तमानपत्रं अल्पवयीन आरोपींची नावं सर्रास कशी छापतात? पुराव्यांतल्या फटीही तिने दाखवल्या. खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए यांमुळे डिसेंबर २००२मध्ये त्या पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या. तिच्यावर तेव्हा डाफरणाऱ्यांपैकी कितीजणांनी नंतर तोंड उघडलं?

पुढे डन ३० डिसेंबर २००३ला गेला, मुलगी ऑगस्ट २००५मध्ये. ‘द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग’ने तिला नॅशनल बुक अवॉर्ड आणि जगभरचे वाचक दिले. ते पुस्तक मोठं आहेच. पण त्या दुःखाच्या वलयात आधीची धारदार बाई लोपली. २०१५मध्ये ऐंशी वर्षांच्या डिडियनने सेलीन या फॅशन ब्रँडची जाहिरात केली, आणि गॉगलने उरलेलं काम केलं. सत्तेची भाषा सोलून दाखवणाऱ्या लेखिकेची आज लोक प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी वाचतात.

तिच्याकडे नव्याने वळणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ‘नोट्स टू जॉन’ विकत घेऊ नका. ते तिने तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. ‘आफ्टर हेन्री’ हा लेखसंग्रह मिळवा, त्यात तो चेंडूही आहे आणि सेंट्रल पार्कही. त्याच्याआधी ‘साल्व्हादोर’ वाचा. जेमतेम शंभर पानांचं पुस्तक आहे.